मापात पाप

वजनमाप खात्यात माझी २९ वर्षं गेली. काटा मारायच्या नाना तऱ्हा पाहिल्या. लोखंडी वजनाच्या बुडाशी शिसं भरलेलं असतं, त्यावर आमचा शिक्का बसतो. ते शिसंच खरवडणारे पाहिले, पारड्याखाली लोहचुंबक चिकटवणारे पाहिले. पण सगळ्यांत सभ्य चोरी मिठाईच्या खोक्याची. पुठ्ठा बर्फीच्या भावाने जातो आणि गिऱ्हाईक वर सुट्टे पैसे शोधून देतं.

एकदा रमजानात मोहम्मद अली रोडला तपासणीला गेलो. सोबत आमचे सीनियर, दापोलीकडचे कोकणी मुसलमान. सगळं ऑफिस त्यांना चाचा म्हणायचं. त्यांचा रोजा होता. एका दुकानात खोक्यासकट वजन चाललेलं. रिकामं खोकं काट्यावर ठेवलं, ९० ग्रॅम भरलं. मालक म्हणाला, "साहब, इतनी छोटी बात!" चाचांनी मुकाट्याने पंचनामा लिहिला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "अरे, छोटी आहे तीच तर गोष्ट आहे."

मग चालता चालता त्यांनी कुराणातली ८३वी सुरा, म्हणजे अध्याय, सांगितली, अल-मुतफ्फिफीन. माप मारणाऱ्यांच्या धिक्कारानेच ती सुरू होते. त्या नावाच्या मुळाशी 'तफीफ' आहे, म्हणजे क्षुल्लक, चिमूटभर. गोणी पळवणारा नव्हे, चिमटी मारणारा. लोकांकडून घेताना पुरेपूर मापून घेतात, त्यांना देताना मात्र कमी भरतात, हे पहिल्या तीन आयतींतच येऊन जातं. शुऐब पैगंबरांनी मदयनच्या लोकांना हेच बजावलं होतं, माप भरून द्या. आणि ५५व्या सुरेत, अर-रहमानमध्ये, आकाश उंच उभारल्याचं सांगून लगेच तराजूचा उल्लेख येतो. आभाळाशेजारी तागडी! आमच्या खात्याला एवढा मान दुसऱ्या कुणी दिलेला मला आठवत नाही.

"पण चाचा, हे दुकानदारांपुरतंच ना?" मी विचारलं. ते नुसते हसले.

दर शुक्रवारी ते जुम्म्याच्या नमाजाला जायचे. जाताना आणि परतल्यावर रजिस्टरमध्ये वेळ लिहायचे, अगदी मिनिटांसकट. संध्याकाळी तेवढी मिनिटं जास्त बसायचे. शिपाई वैतागायचा, कारण कुलूप त्याला लावायचं असे.

ऑफिस साडेपाचला सुटायचं. मी पाच-बाविसच्या डोंबिवली फास्टमध्ये खिडकीपाशी बसलेला असायचो.