तेलाची गुळणी आणि माझ्या हिरड्या

डिसेंबरात एका संध्याकाळी सारसबागेबाहेर तिखटमीठ लावलेला पेरू घेतला. पहिल्याच चाव्याला पांढऱ्या गरावर लाल रेघ उमटली. आधी वाटलं तिखटच असेल. दुसरा चावा दुसऱ्या बाजूने घेतला, तिथेही तेच. मग कळलं की ते रक्त आहे. ब्रश करताना थुंकी गुलाबी दिसायची त्याला वर्ष होऊन गेलं होतं, पण तिकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

डेंटिस्टकडे जायची मला लहानपणापासून धास्ती. त्यामुळे त्या रात्री फोनवर ऑइल पुलिंगचा व्हिडिओ समोर आला तेव्हा फार हायसं वाटलं. उपाशीपोटी चमचाभर खोबरेल तेल तोंडात घ्यायचं, २० मिनिटं घोळवायचं, थुंकायचं; दातांचं सगळं आपोआप बरं होतं, असं त्यात सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठले तर बाटलीतलं खोबरेल दगडासारखं गोठलेलं. पुण्याच्या थंडीत ते गोठणारच, २४ अंशांच्या खाली ते घट्ट होतं. चमच्याने खरवडून गोळा तोंडात टाकला. तो वितळेपर्यंत शिसारी आली आणि पाचव्या मिनिटाला उमासा येऊन सगळं बेसिनमध्ये गेलं. तरी चिकाटीने रोज करत राहिले. आठवड्याभरात बेसिन तुंबलं. प्लंबरने पाइप उघडला तर आत पांढरी मेणासारखी गुठळी. तेव्हापासून मी रिकाम्या दुधाच्या पिशवीत थुंकते आणि पिशवी कचऱ्यात टाकते. कोणी सुरू करणार असेल तर हे पहिल्या दिवसापासून करा.

तीन महिने केलं. तोंडाचा वास कमी झाला, सकाळी जीभ कोरडी पडायची ती थांबली, ओठ फुटले नाहीत. हे फायदे खरे होते. पण त्या भरात मी एक मोठी चूक केली: सकाळी तेल आहे ना, म्हणून रात्रीचा ब्रश सोडला. रक्त थांबलं नाही.

मार्चमध्ये ओळखीच्या एका वैद्यांकडे गुडघ्यासाठी गेले होते, तेव्हा सहज विषय काढला. त्यांनी विचारलं, "खोबरेल का घेता? आपल्याकडे यासाठी तिळाचं तेल सांगितलंय." मग त्यांनी नीट समजावलं. तोंड इतकं भरून घ्यायचं की तेल हलवताच येऊ नये, तो गंडूष. थोडं घेऊन घोळवायचं, तो कवल. किती वेळ, तर मिनिटं मोजायची नाहीत. तोंडात कफ भरून आला, नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं की थुंकायचं. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात तेलाच्या गंडूषाचे गुण दिलेत: जबड्याला बळ, आवाजाला बळ, घसा कोरडा न पडणं, ओठ न फुटणं, दात मुळाशी घट्ट राहणं. मला जाणवलेले दोन फायदे त्या यादीत होते! पुढे ते जे म्हणाले ते मात्र आतपर्यंत लागलं. "त्याच अध्यायात गंडूषाच्या आधी दातवण आलंय, तेही दिवसातून दोनदा. जीभ घासणंही आलंय. तेल त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्याऐवजी नाही. आणि रक्त येतंय तर आधी दात दाखवून या."

एका वैद्यानेच डेंटिस्टकडे पाठवलं, म्हणून मी गेले.

डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेने आत घालून प्रत्येक दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली मोजली. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं, माझ्या मागच्या दाढांपाशी पाच होती. मग आरशात खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू दाखवली. तपकिरी, खडबडीत थर, दात एकमेकांना जोडल्यासारखे दिसत होते. "काकू, हे कीट. लाळेच्या ग्रंथी इथेच जिभेखाली उघडतात, म्हणून इथे जास्त साठतं. दातावरच्या मऊ थरात लाळेतले क्षार बसले की त्याचा दगड होतो. तो तेलाने विरघळत नाही, ब्रशनेही निघत नाही." मी घाबरत तेलाचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. मऊ थर थोडा कमी होतो असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण पुरावा पुरेसा नाही म्हणून अमेरिकेतली डेंटिस्टांची संघटना त्याची शिफारस करत नाही, एवढं सांगून म्हणाल्या, "आवडत असेल तर करा, पण साफसफाई आधी."

दोन बैठकांत स्केलिंग, म्हणजे यंत्राने कीट काढणं, झालं. कर्कश आवाज, गार पाण्याचा फवारा, मधूनच एखादी कळ, इतकंच. ज्याला मी चाळीस वर्षं घाबरले ते एवढंसं होतं. खुर्चीवरून उठले आणि जीभ आपोआप खालच्या दातांमागे गेली. तिथे फटी लागल्या! दात वेगवेगळे आहेत हे जिभेला किती वर्षांनी कळलं होतं. आठवडाभर गार पाण्याने दात शिवशिवले, मग तेही गेलं.

आता रात्री दोन मिनिटं ब्रश आणि दातांच्या फटींत घालायचा बारका ब्रश, हे चुकत नाही. सकाळी पुन्हा ब्रश, जीभ साफ, मग लाकडी घाण्याचं तिळाचं तेल, छोटा चमचा, किंचित कोमट. पाच-सात मिनिटांत ते लाळेत मिसळून दुधासारखं पांढरं, पातळ होतं. मान वर करून घशात गुळगुळ करत नाही, कारण तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येऊ शकते. शेवटी कोमट पाण्याच्या चुळा. जूनमध्ये पुन्हा मोजलं तेव्हा दाढांपाशी तीन भरले, एका ठिकाणी चार. रक्त मेपासूनच बंद आहे.

माझं बघून सासऱ्यांनीही तेल मागितलं. ते ८१ वर्षांचे, पाणी पितानाही त्यांना ठसका लागतो. त्यांना मी ठाम नाही म्हटलं. सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्यात हिरड्या लवकर बिघडतात, शिवाय हिरड्या बिघडल्या की साखर आवरायला जड जाते. "मला दे की गं थोडं तेल," त्या म्हणाल्या. "देते आई, पण आधी दात दाखवून येऊ." गुरुवारी संध्याकाळी पाचची वेळ घेतली आहे.