तोंड आलं आणि समुद्र बिघडला

सप्टेंबरात गोव्याच्या किनाऱ्याबाहेरून आणलेलं पाणी. पृष्ठभागावरच्या पाण्याच्या बाटलीत बी-१२ जीवनसत्त्व निघालं १२ पिकोमोलर! खुल्या समुद्रात एक-दोन पिकोमोलर म्हणजे पुष्कळ. एक पिकोमोलर म्हणजे लिटरमागे जेमतेम १.३६ नॅनोग्रॅम. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, आणि मी मनातल्या मनात शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं.

हे जीवनसत्त्व शैवालांना स्वतः बनवता येत नाही, ते फक्त काही जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळे सूक्ष्मजीव) बनवतात. २००५ साली ३२६ शैवालांची माहिती तपासली गेली, त्यातल्या १७१ जातींना ते बाहेरून लागतं असं दिसलं. म्हणून तर आम्ही ही उठाठेव करतो. एक लिटर पाणी ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं, मग सी-१८ नावाचं शोषक भरलेल्या नळीतून मिनिटाला एक मिलिलिटर या गतीनं सोडायचं. म्हणजे जवळजवळ सतरा तास. जीवनसत्त्व नळीत अडकतं, मीठ वाहून जातं. नंतर मिथेनॉलनं ते धुऊन काढायचं, नायट्रोजनच्या झोतात सुकवायचं आणि पाव मिलिलिटरात विरघळवायचं. सगळं चार हजार पट घट्ट होतं. मळही तितकाच घट्ट होतो, हे मी त्या रात्री सोयीस्करपणे विसरले.

सरांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठलं रूप?"

पुन्हा पाहिलं. मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, ६७८ चा आयन तुटून १४७ चा तुकडा. सायनोकोबालामिन. पोटात गोळा आला. समुद्रात मुख्यतः हायड्रॉक्सो, मिथाइल, अडेनोसिल ही रूपं असायला हवीत. सायनो हे कारखान्याचं रूप, गोळ्यांमध्ये टिकावं म्हणून बनवलेलं. आलेखावर हायड्रॉक्सोचं शिखर होतं, पण अगदी बुटकं.

"आणि ब्लँक?" सर म्हणाले.

ब्लँक म्हणजे समुद्राऐवजी शुद्ध पाणी घेऊन याच सगळ्या क्रियेतून काढलेला नमुना. तो रांगेत शेवटी होता, अजून चाललाच नव्हता. तो चालेपर्यंत मी तिथंच बसून राहिले. तेच शिखर, जवळजवळ तेवढंच उंच. शिवाय बी-२, बी-१, बी-६ सगळी हजर. एवढी जीवनसत्त्वं एकत्र कुठं असतात, हे कुठल्याही औषधवाल्याला विचारा.

तेव्हा आठवलं. त्या आठवड्यात माझं तोंड आलं होतं. डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स दिलं होतं. अख्खी गोळी गिळताना मला ठसका लागतो, म्हणून चहाच्या सुट्टीत ती मोडून घेत होते. आतली पिवळी भुकटी बोटांना लागायची. बोटं ओढणीला पुसून पुन्हा आत, आणि नवे हातमोजे खोक्यातून ओढून घालायचे. मोज्यांची आतली बाजू कशीही असली तरी चाललं असतं, पण घालताना बोटं बाहेरच्या बाजूलाच लागतात.

रात्री अकराला हिशेब मांडला. गोळीत १५ मायक्रोग्रॅम बी-१२ असतं. समुद्राच्या पाण्यात एक पिकोमोलर करायला तेवढी एक गोळी अकरा हजार लिटरला पुरते. दहा हजार लिटरच्या टँकरपेक्षाही जास्त! बाटलीत गोळीचा हजारावा भाग पडला तरी झालं की काम.

खात्री करायला सकाळी त्याच खोक्यातला एक मोजा शुद्ध पाण्यात बुडवला आणि ते पाणी चालवून पाहिलं. सगळं तिथंच सापडलं.

निदान हायड्रॉक्सोचा आकडा वाचेल असं वाटलं होतं. सरांनी मान हलवली. उजेडात सायनोचं हायड्रॉक्सो होतं, आणि आम्ही बाटल्या फॉइलमध्ये गुंडाळल्या असल्या तरी मधल्या प्रत्येक क्षणाची हमी कोण देणार? सगळे नमुने गेले. ट्रॉलरचं भाडं गेलं, समुद्र लागून केलेल्या ओकाऱ्या तर वाया गेल्याच.

आमचे प्रयोगशाळा-सहायक दादा रिकाम्या बाटल्या आम्लात बुडवताना म्हणाले, "ताई, समुद्राला अशक्तपणा आला होता का?"

डिसेंबरात पुन्हा गेलो. ब्लँक आता रांगेत पहिला लावते. तो सपाट आला. तोंड मात्र त्याच आठवड्यात पुन्हा आलं होतं. गोळ्या घरीच होत्या, आणि त्या शनिवारी रात्रीच घ्यायच्या असं ठरवलं होतं. शनिवारपर्यंत दहीभात खाऊन काढलं.