कोम्बुचाचं विरजण कुरिअरने मागवू नका

कोम्बुचा, म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं पेय, करणं सोपं आहे. त्याचं विरजण उन्हाळ्यात अमळनेरपर्यंत धड पोहोचणं अवघड. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

मे महिन्यात मी पुण्याहून स्कोबी मागवली. स्कोबी म्हणजे जिवाणू आणि यीस्टची जाड, चिवट चकती, सोबत थोडा आंबलेला जुना कोम्बुचा. दोन दिवसांत येणार होती. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'दार बंद होते, पार्सल परत नेले.' सासूबाई सकाळपासून ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या, दार सताड उघडं! फोन केला तर ‘उद्या येईल मॅडम’. उद्या पुन्हा तोच मेसेज. पाचव्या दिवशी भर दुपारी मीच कुरिअरच्या ऑफिसात गेले. पत्र्याचं शेड, बाहेर ४४ डिग्री, आणि माझं खोकं तापलेल्या पत्र्याला टेकवून ठेवलेलं. मोबाइलमधलं आधार दाखवलं, तर म्हणे झेरॉक्सच पाहिजे. झेरॉक्सवाला दुपारी बंद. चार वाजेपर्यंत लिंबाच्या झाडाखाली उभी राहिले. आत जिवंत वस्तू आहे, निदान सावलीत तरी ठेवा, एवढं सांगूनही खोकं जागचं हललं नाही.

घरी येऊन उघडलं तर पिशवी फुगून टम्म, अर्धं पाणी गळून कागदात मुरलेलं. सासूबाईंनी चकती पाहिली आणि विचारलं, “हाई काय शे वं?”

उरलेलं पाणी जेमतेम चार चमचे. तरी मी हौसेने दोन लिटर चहात घातलं. तिथेच चुकलं. एक लिटरला निदान १०० मिली आंबट पाणी लागतं, नाहीतर चहा सुरुवातीला पुरेसा आंबट होत नाही आणि बुरशी धरते. सहाव्या दिवशी वर हिरवट, कोरडी लव आली. ती खरवडून बाकीचं वापरायचं नसतं. चकतीसकट सगळं फेकलं. खाली लोंबणारे तपकिरी धागे मात्र यीस्टचे, त्यांना घाबरू नका.

शेवटी बहीण नाशिकहून येताना काचेच्या बाटलीत अर्धा लिटर साधा, न उकळलेला, बिनफ्लेवरचा कोम्बुचा घेऊन आली. गोड चहात तो घातल्यावर तीन आठवड्यांत नवीन चकती आपोआप धरली. म्हणजे खरं विरजण ते पाणीच. कुणाकडून तरी हातोहात आणा.

माझं प्रमाण: एक लिटर पाणी, दोन चमचे साधी चहापत्ती, ७० ग्रॅम साखर. साखर कमी करू नका, ती यीस्टचं खाणं आहे. चहा पूर्ण गार झाल्यावरच विरजण घालायचं. बरणी काचेची, तोंडाला घट्ट विणीचं सुती कापड. मसाला चहा नको, हे आधी सांगायला हवं होतं.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात बरणी परातीतल्या पाण्यात ठेवून भोवती ओला पंचा गुंडाळते, माठासारखी गार राहते. तोंडावरचं कापड कोरडंच हवं. उन्हाळ्यात चौथ्या दिवसापासून चव बघा, थंडीत दहा-बारा दिवस लागतात. आलं-लिंबू घालून बाटलीत भरलं तर एका दिवसात फ्रिजमध्ये टाका, गॅसने बाटली फुटू शकते. यात थोडं अल्कोहोल तयार होतं, म्हणून गरोदर बाईला आणि लहान मुलांना मी देत नाही.

आज बरणीचा चौथा दिवस. दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा धरलाय, खाली बुडबुडे अडकलेत. सासूबाई सकाळपासून दोनदा कापड उचलून बघून गेल्या.