वीतभर सी हॅरियर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून समितीतल्या वर्गमित्राचे तीन फोन आले. आता मी काय लिहिणार, नंबरात कधी आलो नाही, स्टेजवर चढलो तो एकदाच आणि तेसुद्धा टेबल उचलायला. शाळा म्हटली की मला खिडकीतून येणारा तो आवाज आठवतो. दाबोळीच्या विमानतळावरून सी हॅरियर वर निघालं की बीजगणिताच्या बाई हातात खडू धरून गप्प उभ्या राहायच्या, आवाज गेला की मग पुढची पायरी. नेव्हीची ती विमानं १९८३ च्या डिसेंबरात आली तेव्हा मी तिसरीत, आठवीत पोचेपर्यंत डोक्यात दुसरं काही उरलंच नव्हतं.

त्याच वर्षी दामोदर सप्ताहाच्या फेरीत, म्हणजे जत्रेत, खाजं घ्यायला म्हणून गेलो तर शेजारच्या स्टॉलवर प्लास्टिकच्या पिशवीत सी हॅरियरचं मॉडेल जोडायचं एक कीट लटकत होतं. राखाडी तुकड्यांची फ्रेम, एक घडी घातलेला कागद, कंपनीचं नाव कुठेच नाही. ३५ रुपये. त्यातले वीस आईचे, बाकीचे कुठून आणले ते आता लिहिण्यात अर्थ नाही. स्केल १/७२, म्हणजे साडेचौदा मीटरचं विमान २० सेंटिमीटरचं, बरोबर वीतभर.

स्वस्तातलं कीट म्हणजे काय ते जोडायला बसल्यावर कळतं. पोटाचे दोन भाग एकमेकांना भेटायलाच तयार नाहीत, मध्ये नख जाईल एवढी फट, पत्र्यांच्या रेघा कोरलेल्या हव्यात त्या उलट उठून आलेल्या, कॉकपिटमध्ये एक खुर्ची आणि तिच्यावर बसवायला बटाट्यासारखा पायलट. तरी मी जोडलं, गेटसाठी आणलेला ऑइल पेंट मारला, पण दिवस श्रावणाचे, चार दिवस झाले तरी रंग हाताला चिकटतोच आहे. मग काकांच्या गॅरेजमधून थिनर आणला आणि रंग पुसायला घेतला. रंग गेला, पण रंगाबरोबर पंखही जायला लागला, प्लास्टिक मऊ होऊन कापडाला तार सुटली, टोक वळलं. रडलो नाही असं म्हणणार नाही.

ते तसंच दप्तरात घालून शाळेत नेलं, का नेलं कुणास ठाऊक, आणि ड्रॉइंगच्या सरांनी पकडलं. वाटलं आता गेलं कपाटात. सरांनी पंख उजेडात धरून बघितला आणि विचारलं, "हे कशानं विरघळलं?" थिनरनं म्हटल्यावर म्हणाले, "मग थोडा घेऊन ये. आणि फ्रेमच्या काड्या टाकल्यास काय रे?" टाकल्या नव्हत्या. त्या काड्यांचे बारीक तुकडे करून सरांनी काचेच्या दौतीत थिनरमध्ये टाकले (प्लास्टिकची डबी घेतली असती तर डबीच गेली असती), दुसऱ्या दिवशी सकाळी दौतीत कढीसारखा दाट लगदा. पंखाचं टोक त्यानंच परत उभं केलं, पोटाची फटही त्यानंच भरली. विमानाचंच प्लास्टिक, त्यामुळे सुकल्यावर एकजीव. फक्त घाई चालत नाही, आतला थिनर उडून जायच्या आत घासलं की नंतर तिथं खड्डा पडतो. माझा पडला. परत भरलं, चार दिवस हात लावला नाही, मग पाण्यात बुडवून वॉटर पेपर, आधी ४०० नंबर, मग ६००, मग १०००.

मला वाटलं झालं. सरांनी डोळे मिटले आणि पोटावरून आडवं नख फिरवलं. "अडकतंय. डोळ्यांनी नको, नखानं बघ." असं पाच वेळा परत पाठवलं मला, पाचही वेळा मनात शिव्या दिल्या.

वर्गात एकाचे वडील दाबोळीला नेव्हीच्या हंसा बेसवर होते, तो म्हणाला तुमची इनटेकची दारं चुकलीत. इंजिनला हवा कमी पडली की आत उघडणारी छोटी दारं असतात हवा घेणाऱ्या तोंडाभोवती, विमान बंद उभं असलं की वरची आपल्या वजनानंच लोंबतात, आमच्या कीटमध्ये सगळी बंद. कंपासच्या टोकानं कोरून उघडी केली. मिसाइलं पण ब्रिटिश पद्धतीची, आपल्याकडे फ्रेंच मॅजिक होती, पुढे पात्यांच्या दोन ओळी असलेली, ती जादा पाती पत्त्याच्या कागदाची कापून चिकटवली. नाकावरची नळी इंजेक्शनच्या सुईची. वरून गडद राखाडी, खालून पांढरा. तिरंगी गोल सरांनी स्वतः रूलिंग पेननं काढले, शेपटीवरचा ३०० स्क्वाड्रनचा पांढरा वाघ मी काढला, तो मांजर झाला.

चवथीला ते गणपतीच्या डोक्यावरच्या फळांच्या माटोळीला टांगलं, सुपारीचे घोस आणि आंबाडे यांच्या मध्ये. आजी आठवडाभर बोलली नाही. पुढच्या वर्षी मिग-२१ केलं, ते शेपटीवरच बसायचं, मग खारीवाड्यावरून जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या आणून नाकात भरल्या. पुढे बरीच केली, ती सोडा.

आता मडगावात दातांच्या कवळ्या बनवतो. तोच वॉटर पेपर, तेच नख.

सी हॅरियर २०१६ च्या मे महिन्यात हंसावरूनच निवृत्त झाली. बोगमाळो रोडच्या म्युझियममध्ये एक उभी आहे, मुलाला दाखवायला नेलं तेव्हा जवळून बघितली आणि हसूच आलं, खऱ्या विमानाला पत्र्याचे सांधे, रिवेट, सगळं दिसतं. हे सरांना सांगायलाच पाहिजे म्हणून जुनं मॉडेल डब्यात घालून चिखलीला त्यांच्या घरी गेलो. सरांना आता नीट दिसत नाही. माझं सगळं ऐकून घेतलं, हात पुढे केला, विमान उलटं करून पोटावरून हळूहळू नख फिरवत शेपटीपर्यंत गेले आणि तिथं थांबले.

"इथं राहिलंय रे."