अ‍ॅनापोलिसचे घरगुती कॅप्टन

अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या अ‍ॅनापोलिसच्या अगदी मध्यात पाण्याची एक अरुंद पट्टी आत शिरली आहे. सगळे तिला ‘ईगो अ‍ॅली’ म्हणतात. उन्हाळ्यात रविवारी दुपारी बोटवाले तिच्यात शिरतात, टोकापर्यंत जातात, वळतात आणि परत बाहेर. कुठे उतरायचं नसतं, काही घ्यायचं नसतं. धक्क्यावर आइसक्रीम खात बसलेल्यांनी बघावं, एवढ्यासाठीच ही फेरी. आपल्याकडे एफसी रोडवर सायलेन्सर बदललेली बुलेट दोनदा फिरवून आणतात ना, तेच हे, फक्त इंधनाचं बिल मोठं.

यातला प्रत्येक बोटमालक कॅप्टन असतो. पांढऱ्या टोपीवर सोनेरी नांगर, टी-शर्टवर ‘कॅप्टन’, कॉफीच्या मगवर ‘कॅप्टन’ आणि बायकोच्या टोपीवर ‘फर्स्ट मेट’, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा पहिला अधिकारी. याच गावात 1845 पासून अमेरिकन नौदलाची अकादमी आहे. तिथले खरे कॅप्टन, म्हणजे आपल्या लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचे, सुट्टीच्या दिवशी साध्या शर्टात कॉफीच्या रांगेत उभे असतात आणि त्यांच्या मागे नांगरवाली टोपी घाई करत असते.

कायद्याला या टोपीचं काही वाटत नाही. स्वतःच्या हौसेसाठी बोट चालवायला अमेरिकेत केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. मेरीलँडमध्ये 1 जुलै 1972 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना बोटिंगच्या सुरक्षेचं प्रमाणपत्र जवळ ठेवावं लागतं. छोटासा कोर्स आहे, होऊन जातो. त्याआधी जन्मलेल्यांना तेवढंही नको.

आपण हसायला नको म्हणा. पुण्यात एक चक्कर मारली की चौकाचौकात ‘भावी नगरसेवक’ दिसतात. सरकारने लष्करी आणि शैक्षणिक सोडून कुठलेही किताब देऊ नयेत, असं आपल्या घटनेचं कलम 18 सांगतं. ज्याने त्याने स्वतःच घेतले तर त्यावर ते गप्प आहे.

तर माझा एक मित्र, मूळचा बिबवेवाडीचा, आयटीवाला. त्याने तिकडेच सेकंडहँड मोटरबोट घेतली आणि टोपीसकट फोटो घरी पाठवला. त्याच्या वडिलांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: चिरंजीव अमेरिकेत कॅप्टन झाले. पुण्यात कॅप्टन म्हटलं की लोकांना आधी आर्मी आठवते, त्यामुळे वॉचमन सलाम ठोकायला लागला. पण पुण्याला समुद्र नसला तरी लोणी काळभोरला आणि तळेगावजवळ इंदुरीला मर्चंट नेव्हीच्या कोर्सची कॉलेजं आहेत, आणि दाराच्या पाटीवर ‘कॅ.’ असलेले दर्यावर्दी इथेही राहतात. असे एक काका त्याच सोसायटीत, बी विंगमध्ये. मी सुट्टीवर आलो होतो आणि मित्राचं एक पार्सल द्यायला त्याच्या घरी गेलो, तेव्हा ते कौतुकाने चौकशीला आलेले.

“कुठली कंपनी? टँकर की कंटेनर? कॅप्टनची मास्टर्स परीक्षा कधी झाली?”

मित्राचे बाबा म्हणाले, “ते काही माहीत नाही बुवा. पण बोट स्वतःची आहे.”

“स्वतःची? वा. मी जन्मभर दुसऱ्यांच्याच चालवल्या.”

हे काका डेक कॅडेट म्हणून लागले, मग सेकंड मेट, चीफ मेट. प्रत्येक पायरीला सी-टाइम, म्हणजे समुद्रावरची नोकरी, भरायचा, एमएमडीत, म्हणजे जहाजवाल्यांच्या सरकारी खात्यात, जाऊन ऑरल्स म्हणजे तोंडी परीक्षा द्यायच्या, नापास झालं की पुन्हा द्यायच्या. कॅप्टन व्हायला त्यांना बारा वर्षं लागली. अमेरिकेत काय पद्धत, असं त्यांनी मला विचारलं.

तिथे गाडी अडते ती पैशाशी. प्रवाशांकडून पैसे घ्यायचे असतील तर कोस्ट गार्डचा परवाना हवाच. त्यातला सगळ्यात खालचा ‘सिक्स-पॅक’, म्हणजे पैसे देणारे फार तर सहा प्रवासी. त्यालाही पाण्यावरचे 360 दिवस दाखवावे लागतात आणि चार तासांपेक्षा कमी गेलात तर तो दिवस धरत नाहीत. वर मेडिकल, ड्रग टेस्ट, लेखी परीक्षा. एप्रिल ते ऑक्टोबर एकही शनिवार-रविवार न चुकवता गेलं तरी वर्षाचे साधारण साठ दिवस होतात. म्हणजे सहा वर्षं, आणि तेही पाऊस आणि सत्यनारायण वजा न करता.

आपल्या लोकांचा लगेचचा प्रश्न काँट्रीचा. मित्रांनी आपणहून पेट्रोल आणि खाण्याचा खर्च वाटून घेतला तर चालतं. पण ‘माणशी चाळीस डॉलर, नाहीतर येऊ नका’ म्हटलंत की तो धंदा झाला आणि बिनपरवाना धंद्याचा दंड भरावा लागतो.

मला स्वतःला ती टोपी अजूनही हास्यास्पद वाटते. धक्क्यावर दोर पकडणारी पोरं सगळ्यांनाच ‘कॅप’ म्हणतात, रेडिओवरही नाव माहीत नसलं की कॅप्टन म्हणूनच हाक मारतात. तो शिष्टाचार झाला. तो आपणच छापून डोक्यावर घालायचा म्हणजे जरा जास्तच. पण तिथल्या चेसापीक उपसागरात उन्हाळ्याच्या दुपारी बघता बघता आभाळ काळं होतं, वारा उलटा फिरतो. तेव्हा परत फिरायचं की पुढे जायचं हे सुकाणूवर असलेल्यालाच ठरवावं लागतं, परवाना असो वा नसो. दिवे, भोंगा, कोणी कोणाला वाट द्यायची, हे नियमही त्याच्या छोट्या बोटीला लागू आहेतच.

काकांनी तिथूनच मित्राला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. टोपीबद्दल अवाक्षर नाही.

“माणसं किती नेतोस?”

“आठ-नऊ होतात, काका.”

“आणि लाइफ जॅकेटं?”

“सात आहेत. लहान मुलं मांडीवर असतात ना.”

माणशी एक आणि ज्याच्या-त्याच्या मापाचं, असा तिकडचा नियम आहे. मित्राला तो माहीत होता, पण पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं, हा त्याचा प्रश्न. काका म्हणाले, “दोघांना उतरवायचं. ते काम फर्स्ट मेटचं नाही.”

पुढच्याच शनिवारी त्याने दोघांना धक्क्यावर ठेवलं. त्यातले एक त्याचे सख्खे मेहुणे, न्यू जर्सीहून चार तास गाडी चालवून आलेले. बहीण बोलते आहे, मेहुणे अजून नाही.