तुम्ही विचारलंत म्हणून : मरतात का नाही?

"ते सगळं ठीक आहे भाऊ, पण मरतात का नाही तेवढं सांगा." समुद्रातले टाचणीच्या डोक्याएवढे जीव आणि त्यांच्या पोटात जाणारं प्लास्टिक हा विषय निघाला की जळगाव असो वा शहादा, प्रश्न हाच. आणि त्याच्या मागोमाग, "खान्देशात समुद्र कुठे आहे?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. तापी. केळीच्या घडावर चढवलेली प्लास्टिकची पिशवी, म्हणजे स्कर्टिंग बॅग, फाटून उडाली आणि नाल्यात पडली की तिची वाट खंभातच्या आखाताकडेच जाते, मध्ये उकाई धरणाच्या गाळात काही अडकलं तरी.

पहिल्या प्रश्नाला मी पूर्वी बेधडक "हो, मरतात" म्हणायचो. ते चूक होतं.

समुद्र लांब, म्हणून प्रयोगाला घेतला आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातला कोळंबीच्या जातकुळीचा बारका जीव. त्याची अंडी कोरडी मिळतात. लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ, 28 अंश तापमान, वर दिवा आणि सतत हवा ठेवली की साधारण 24 तासांत पिल्लं निघतात. लगेच प्लास्टिक टाकायचं नाही. नव्या पिल्लाचं तोंड उघडलेलं नसतं. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे आठेक तास, ते अंगातल्या बलकावर जगतं. त्या वेळात तपासलं तर पोट रिकामं दिसतं आणि "खात नाहीत" असं खोटं उत्तर मिळतं. तेवढं आम्ही थांबलो. मग पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे 10 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चमकणारे मणी सोडले. सूक्ष्मदर्शकाखाली आतड्यात हिरवी रेघ दिसली. दोन दिवसांत तळाशी मेलेल्या पिल्लांचा थर, आणि शेजारच्या साध्या मीठपाण्यात सगळी पोहताहेत. ते फोटो मी गावोगाव दाखवले.

मणी बाटलीत कोरडे येत नाहीत, हे मला ठाऊक होतं, तरी मी त्याचा विचार केला नाही. ज्या द्रावणात ते येतात त्यात गोळे होऊ नयेत म्हणून साबणासारखा पदार्थ असतो आणि जिवाणू वाढू नयेत म्हणून बहुधा सोडियम अझाइड. अझाइड पेशींचं श्वसनच बंद पाडतं. एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, मणी काढून नुसतं त्यांचं पाणी टाकलं तर?" 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलं आणि तेवढंच पाणी तिसऱ्या बरणीत ओतलं. तिथेही पिल्लं मेली. मग मणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरचं पाणी फेकून, नवं मीठपाणी घालून तीनदा धुतले. आतडं तसंच हिरवं, पण पिल्लं जवळजवळ सगळी जिवंत. दाखवलेले फोटो मात्र परत घेता येत नाहीत.

"म्हणजे काही होत नाही ना!" असं म्हणू नका, कृपा करा. मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये कॅलॅनस या कोपेपॉडला, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या बारक्या कवचधारी जीवाला, मिलिलीटरमागे 20 मायक्रॉनचे 75 मणी दिले. मणी टाळताना त्याने मोठ्या शैवालपेशी सोडल्या, बारक्या खाल्ल्या. पेशी 11 टक्केच कमी गेल्या, पण पोटात गेलेला कार्बन 40 टक्क्यांनी घटला. मृत्यू वाढले नाहीत, अंड्यांची संख्याही फारशी हलली नाही. पण अंडी लहान झाली आणि त्यातली कमी उबली.

आता तुमचा आक्षेप मीच मांडतो. 75 मणी म्हणजे घनमीटरला साडेसात कोटी. समुद्रात एवढे सापडत नाहीत. मान्य. पण समुद्रात गुळगुळीत गोल मणीही नसतात. तिथे तंतू असतात, फाटके तुकडे असतात, वर जिवाणूंचा थर असतो आणि त्यामुळे त्यांना अन्नासारखा वास येऊ शकतो. हे कमी घातक की जास्त? जुना मी म्हणतो, "हो" म्हटलं की लोक पिशवी उचलतात, "अंडी लहान होतात" म्हटलं की कोणी वाकत नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

सध्या बागेतल्या स्कर्टिंग बॅगेचा चुरा देऊन पाहतोय. ती पॉलिप्रोपिलीनची, आणि हे प्लास्टिक तरंगतं, म्हणून बरण्या चाकावर फिरवाव्या लागतात. वेग जास्त झाला तर पिल्लं आपटतात, कमी झाला तर चुरा वर गोळा होतो. अजून वेग बसलेला नाही. पिशवी भिजवून गाळलेल्या नुसत्या पाण्याची बरणी मात्र या वेळी पहिल्या दिवसापासून लावली आहे.