नवगाव ते काशाचा खडक: उन्हाळ्यातली नोंद

नवगावची चौथी फेरी रविवारी झाली आणि पहिल्यांदाच एक दगड पुरता वाचून घरी आलो. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी, समाजाचं हे अलिबागजवळचं फार जुनं दफनस्थान. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका एवढेच जीव किनाऱ्याला लागले आणि वाहून आलेली प्रेतं इथे पुरली, पुरुष एका उंचवट्याखाली, बायका दुसऱ्या, असं समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ते जहाज नेमकं कधी फुटलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वाचलेल्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. नवगावकर, किहीमकर, पेणकर ही त्यांची आडनावं आपल्या गावांचीच.

दगड वाचायचा तर सकाळी नऊच्या आत जा, ऊन तिरपं असताना. सावलीतल्या दगडावर मी घरातल्या आरशाने बाजूने उजेड पाडतो. सपाट वाटणारी अक्षरं लगेच उठून दिसतात. खडू, कोळसा, तारेचा ब्रश कृपा करून वापरू नका. आणि आधी परवानगी घ्या, ती जागा कुणाच्या तरी पणजोबांची आहे.

जुन्या बेने इस्रायली दगडांवर बहुधा वर हिब्रू आणि खाली मराठी असते. हिब्रू मला येत नाही, पण चार खुणा शिकलोय. सुरुवातीला पे आणि नून अशी दोन अक्षरं दिसली की ‘इथे पुरलं आहे’. शेवटी पाच अक्षरं असतात: ताव, नून, त्सादी, बेत, हे. त्यांचा अर्थ, मृताचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो. गाठोडं! हे कळल्यापासून प्रत्येक दगडाच्या तळाशी आधी तेच शोधतो. साल काढणं सोपं. हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते. त्या अक्षरांतून आलेल्या आकड्यात पाच हजार गृहीत धरलेले असतात, म्हणून 687 आलं तर त्यात 1240 मिळवा, 1927 मिळतं. यहुदी वर्ष भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास बदलतं, तेव्हा महिना नसेल तर एक वर्ष आधीचंही असू शकतं असं धरा.

1927 हे उदाहरण मुद्दाम घेतलं. 11 नोव्हेंबर 1927 ला या किनाऱ्यावरच्या प्रवासी बोटी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ एकाच दिवशी वादळात बुडाल्या. आणि वीस वर्षांनी ‘रामदास’.

माझं खरं काम, बुडालेल्यांची नावं जमवणं, या ‘रामदास’पाशीच अडलंय. 17 जुलै 1947, सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट समुद्रातल्या काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे पोहत आलेली माणसं किनाऱ्याला लागेपर्यंत मुंबईला पत्ताच नव्हता. रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकून माणसं वर घेतली. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं आणि वर्तमानपत्रांना दुसरे विषय मिळाले. नवगावला निदान दोन उंचवटे आहेत. रामदासच्या माणसांसाठी मी कुठे आरसा धरू?

म्हणून गेले पाच महिने घरोघर फिरून नावं जमवतोय. वहीत अकरा झाली. बारावं नाव आमच्या चुलत आजीच्या भावाचं, पण ते मी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, कारण तिचा हिशेब जुळत नव्हता. ती म्हणाली, “बोट बुडाली ती गटारीला. भाऊ सापडला नव्हता. मी दीड महिना वाट पाह्यली, मग राखी आली.” गटारीनंतर राखीपौर्णिमा पंधरा दिवसांत येते. दीड महिना कसा? नव्वदीला टेकलेली बाई, दुसरं कुठलं तरी वर्ष यात मिसळत असेल, असं मी धरून चाललो आणि दोन महिने ते नाव तसंच ठेवलं.

गेल्या आठवड्यात ओळखीच्या भटजींकडे शके 1869 चं पंचांग मिळालं. त्या वर्षी श्रावण अधिक होता! आषाढ अमावास्येनंतर आधी अधिक श्रावण, मग निज श्रावण, आणि राखीपौर्णिमा थेट ऑगस्टच्या शेवटी. आजीचा दीड महिना दिवसांच्या हिशेबाने बरोबर होता. स्वातंत्र्याचा दिवस त्या वाट पाहण्याच्या मध्ये कुठेतरी येऊन गेला. तिला त्याचं काहीच आठवत नाही.

त्या दिवशी तिच्याकडे जाऊन पेन्सिलीवर शाई फिरवली आणि दोन महिने खोटं ठरवल्याबद्दल तिची माफी मागितली. तिने भावाचं वय लिहायला सांगितलं. सोळा.

पुढची फेरी रेवसच्या लाँचने, ओहोटी बघून, खडक डोळ्यांनी पाहायला. तोवर एक विनंती. परळ, लालबाग, गिरगावात राहिलेल्या आणि मूळच्या रेवस, अलिबाग, पेण भागातल्या घरांत आषाढ अमावास्येच्या आसपास ज्याचं प्रेत कधी मिळालं नाही अशा कुणाचं श्राद्ध होत असेल, तर त्या माणसाचं नाव, गाव आणि वय मला कळवा. आठवण पंचांगाशी जुळत नसली तरी कळवा.